कृष्णविवराच्या काठावरचं घड्याळ

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधल्या एखाद्या अमावास्येला भंडारदरा किंवा रतनवाडी गाठा. अंधार पडला की नैर्ऋत्येकडे बघा. वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, मावळतीकडे झुकलेलं असतं आणि त्याच्या वर धनू रास. या दोहोंमधल्या धूसर पट्ट्यात, २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथे सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. पण भंडारदरा ज्यात आहे त्या अकोले तालुक्याला खेटून असलेल्या जुन्नरमध्ये, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने त्या भागातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत.

अशा जागी माणूस गेला तर?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नामवंत शास्त्रज्ञ म्हणून झुकतं माप मिळू नये, यासाठी त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. कथा कृष्णविवराजवळच्या प्रवासाची. यानातल्या माणसाचा काळ आणि पृथ्वीवरचा काळ एकमेकांपासून फारकत घेतात, हा तिचा कणा. ‘इंटरस्टेलर’ चित्रपट २०१४ चा. मराठी वाचकाला हा थरार त्याच्या ४० वर्षं आधी मिळाला होता!

मला या कथेचं अप्रूप वाटतं ते एका गोष्टीसाठी: तिच्यातलं यान कल्पनेतलं आहे, काळाचं मंदावणं मात्र खरं आहे. गुरुत्वाकर्षण जितकं तीव्र, तितकं घड्याळ संथ, हे आइन्स्टाइनचं गणित. भंडारदऱ्याची वाट दाखवणारा तुमचा मोबाइल याच गणितावर विसंबून असतो. जीपीएस उपग्रहांवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथली घड्याळं, उपग्रहाच्या वेगाचा उलटा परिणाम वजा करूनही, दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर चूक दिवसाला सुमारे १० किलोमीटरनी वाढत जाईल.

कृष्णविवरापाशी हाच परिणाम प्रचंड होतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती सर्वांत जवळची स्थिर कक्षा त्याच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. तिथे यानात १० वर्षं सरली, तर पृथ्वीवर १४ वर्षांहून थोडी अधिक सरतील. यापेक्षा मोठी तफावत हवी असेल, तर इंजिनं पेटती ठेवून आणखी आत उतरावं लागेल किंवा अतिवेगाने स्वतःभोवती फिरणारं कृष्णविवर शोधावं लागेल. ‘इंटरस्टेलर’मध्ये एका तासाला सात वर्षं खर्ची पडतात, ती अशाच कृष्णविवरामुळे.

आणि धोका? इथे तर्क उलटा चालतो. दहा सूर्यांच्या वस्तुमानाचं छोटं कृष्णविवर जास्त घातकी. त्याची त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर. त्याच्या काठाशी पायांवरची ओढ आणि डोक्यावरची ओढ यांत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या कोटीपटीहून जास्त फरक पडतो. अंतराळवीर काठाला पोचण्यापूर्वीच ताणून फाटेल. आकाशगंगेच्या मध्यावरच्या अवाढव्य कृष्णविवराची त्रिज्या मात्र सव्वा कोटी किलोमीटरच्या घरात. त्याचा काठ ओलांडताना हा ताण अंतराळवीराला जाणवणारसुद्धा नाही. फक्त परतीची वाट कायमची बंद झालेली असेल.

माणूस तिथे गेलेला नाही, पण एक तारा जातो. एस२ नावाचा हा तारा १६ वर्षांत या कृष्णविवराला एक फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो त्याच्यापासून सुमारे १,८०० कोटी किलोमीटरवरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला. चिलीमधल्या दुर्बिणींनी त्याचा प्रकाश तपासला. गुरुत्वाकर्षण आणि वेग या दोहोंमुळे तो अपेक्षेप्रमाणेच तांबड्याकडे सरकला होता. घड्याळाच्या भाषेत सांगायचं, तर त्या ताऱ्यावरचा काळ आपल्या तुलनेत दिवसाला जवळजवळ एक मिनिट मागे पडत होता. नारळीकरांच्या कथेतला परिणाम असा खऱ्या आकाशात, खऱ्या ताऱ्यावर मोजला गेला.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. एस२ पुन्हा कृष्णविवराजवळून जाईल २०३४ साली. तोपर्यंत ‘कृष्णविवर’ मिळवून वाचा, आणि घरातल्या आठवी-नववीच्या मुलांच्या हाती जरूर द्या.