रूनस्केप : पैसे नाहीत, पण वेळ?

इंग्लंडमधल्या गोवर बंधूंनी २००१ साली ‘रूनस्केप’ हा ऑनलाइन खेळ काढला. जादू, राक्षस, तलवारी. आणि खेळायला पैसे नाहीत.

मला कवी म्हणून त्यातली एक गोष्ट फार भावली. इथे योद्धाच व्हायला हवे असे नाही. मासे धरा, पाव भाजा, खाणीत उतरा. कसब वाढत जाते. परीकथेत कष्टकऱ्याला एवढा मान कुठे मिळतो?

पण एकेका कसबाची ९९वी पायरी गाठायला १ कोटी ३० लाखांवर गुण लागतात. ९२व्या पायरीवर त्यातले जेमतेम निम्मे झालेले असतात! तेच झाड, तीच कुऱ्हाड, पोरांच्या रात्रीमागून रात्री. शिवाय २००२ साली वर्गणी आली. ती न भरणाऱ्याला बरीचशी दुनिया बंदच.