जुनी सेडान, मोजका खर्च आणि नियमांची चौकट

कोल्हापूर शहरालगत, हुपरीच्या बाजूस, करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव वसले आहे. उजळाईवाडीचा विमानतळ त्याच्या शिवेला भिडलेला आहे. गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळ आहे आणि गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना गावातच आहे. ऊस आणि लेथ या दोहोंशी एकाच वेळी नाते असणारी जी गावे या पट्ट्यात आहेत, त्यांपैकी हे एक होय. अशा गावांतील तरुणांमध्ये अलीकडे एक छंद रुजला आहे. जुन्या बाजारातून एखादी वेगवान सेडान मोटार घ्यावयाची आणि पदरच्या मोजक्या पैशांत तिचे रूप व चाल बदलावयाची, हा तो छंद.

या छंदाकडे केवळ उनाडपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. वाहन आपल्या मनासारखे घडवून घेण्याची हौस कोल्हापूरला जुनीच आहे. छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीतून आलेली मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यात करवीरवासीयांना पाहावयास मिळते. त्या काळी अशा मोटारींचा सांगाडा व इंजिन एक कंपनी देई आणि वरचा साज दुसरा कारागीर ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे चढवी. पुढे सामान्य माणसाची ही हौस रिक्षांवर उतरली. कोल्हापूरची नटवलेली रिक्षा हा तर कौतुकाचाच विषय आहे. या हौसेमागे उद्यमनगरची कारागिरी उभी आहे. झिजलेला सुटा भाग हातात घेऊन, नकाशावाचून तसाच नवा घडवून देणारे मिस्त्री तेथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. ऑइल इंजिनापासून मोटारीच्या ओतीव भागांपर्यंत या जिल्ह्याने मजल मारली, ती याच हातांच्या बळावर.

प्रश्न उद्भवतो तो पैसा थोडा असतो तेव्हा. तो प्रथम कोठे खर्च करावा, याबाबत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आवाज करणारा सायलेन्सर, झगझगीत दिवे, मागील बाजूस पंख यांवर रक्कम संपते आणि टायर मात्र जुनेच राहतात.

मोटार निवडतानाच सावध असावे लागते. होंडा सिटीची २००० सालच्या सुमारास आलेली १०६ अश्वशक्तीची व्हीटेक किंवा २००४ मध्ये भारतात आलेली १५० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आर एस या गाड्यांविषयी शौकिनांना अजूनही जिव्हाळा आहे. परंतु या गाड्या आता वीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जुन्या झाल्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. स्वस्त मिळालेल्या गाडीची ही मुदत, कर्जाचा बोजा आणि विम्याची स्थिती खरेदीपूर्वीच पाहिली पाहिजे. सांगाडा गंजलेला असेल, तर पुढील सारा खर्च वाया गेला असे समजावे.

मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागातून. इंजिनाचे बळ आणि ब्रेकची पकड या दोन्ही गोष्टी तेथूनच रस्त्यावर उतरतात. म्हणून पहिला रुपया टायरवर खर्चावा. टायरच्या कडेवर निर्मितीचा चार आकडी संकेत असतो. २४२३ असे छापलेले असेल, तर तो टायर २०२३ सालच्या २४व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक दिसली, तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. रुंद टायर बसविताना चाकाचा एकूण व्यास फारसा बदलू नये. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो आणि १९५/६० आर १५ चा ६१५. हा फरक एक टक्क्याच्या आसपास आहे, म्हणून वेगदर्शक काटा फारसा चुकत नाही. शाळेतील गणिताच्या तासालाही हे उदाहरण घालण्यासारखे आहे. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्केवारीत आणि रिमचा व्यास इंचांत, अशी ही तिहेरी भाषा आहे.

दुसरा मान ब्रेकचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य हमरस्त्यावर फार महाग पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर व ब्रेक चांगले असता, ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. वेग ८० केला, तर हेच अंतर ३६ मीटर होते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर एकूण अंतर अनुक्रमे ३७ व ५८ मीटर भरते. वेग एकतृतीयांशाने वाढला, थांबण्याचे अंतर मात्र निम्म्याहून अधिक वाढले. गळीत हंगामात अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत हे २१ मीटर म्हणजेच जीव आणि मरण यांतील अंतर होय.

ब्रेक सुधारण्यास फार पैसा लागत नाही. चांगले पॅड, ठरलेल्या किमान जाडीच्या खाली न गेलेल्या डिस्क आणि ताजे ब्रेक ऑइल एवढ्याने मोठा फरक पडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओल धरल्यानंतर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबला गेला, की असा द्रव उकळतो, नळ्यांत वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. आंबा किंवा फोंडा घाट उतरणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी तो बदलून घ्यावा.

गाडी खाली बसविण्यासाठी स्प्रिंग कापण्याची जी पद्धत पडली आहे, ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक आहे. सहा वेटोळ्यांच्या स्प्रिंगचे एक वेटोळे कापले, की तिचा ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. तिची चाल मात्र घटते आणि कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. ग्यारेजमध्ये ज्यांना शॉकअप म्हणतात, ते मूळ स्प्रिंगसाठीच जुळविलेले असतात व लवकर दगा देतात. त्यातून आपल्या गावांतील गतिरोधक! त्यांची उंची व आकार यांबाबत मानके आहेत, पण अनेक ठिकाणी ते गवंड्याच्या अंदाजाने घातले जातात. खाली बसविलेल्या मोटारीचे तेलपात्र अशा गतिरोधकावर फुटले, तर दोष दोघांचाही म्हणावा लागेल. झिजलेले रबरी बुश बदलणे, शॉकअप नवे घालणे आणि चाकांची जुळणी करून घेणे एवढ्याने जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी वळते.

इंजिनाचा क्रम शेवटी यावा. टर्बो नसलेल्या इंजिनावर फिल्टर, सायलेन्सर वगैरे बदलून मिळणारी वाढ अल्प असते. टर्बो इंजिनाचे संगणकीय नियंत्रण बदलून शक्ती पुष्कळ वाढविता येते. परंतु तो ताण क्लच, गिअर व ब्रेक यांवर पडतो आणि धुराची मूळ जुळणी बिघडू शकते. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण, ज्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, काढून टाकणे तर सरळ गुन्ह्याकडे नेते. ज्याला बोलीत ‘पुंगळी काढणे’ म्हणतात, त्या प्रकाराने वेग वाढत नाही. शेजाऱ्याची झोप मात्र जाते. दिव्यांबाबतही हेच. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा दिवा घातला, की तारा तापतात, परावर्तक करपतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात.

कायद्याची बाजू अनेकांना दंड भरतानाच कळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२ अ मध्ये, अनुमती नसलेले भाग बसवून वाहन बदलणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या अपराधाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्रता संभवते. काचेतून पुढे व मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. गडद काळ्या फिल्मला येथे वाव नाही. याहून मोठा धोका विम्याचा आहे. न कळविलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो आणि मग एका तरुणाच्या हौसेची किंमत सारे कुटुंब फेडीत बसते.

सर्वच बदल निषिद्ध आहेत असे मात्र नाही. मूळ क्षमतेचे दर्जेदार सुटे भाग, बैठकीची गादी, आतील साज यांना अडचण येत नाही. रंग बदलल्यास त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त सीएनजी संच विहित पद्धतीने बसविता येतो.

वेगाची हौस भागविण्याची जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तेथे शिरस्त्राण, तांत्रिक तपासणी आणि रुग्णवाहिका यांशिवाय चाक फिरत नाही. सार्वजनिक रस्त्यावर यांतील काहीच नसते, उलट शाळेची मुले असतात.

कलम ५२ मधील एका तरतुदीकडे पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी मालकाला आपली मोटार अनुकूलित करून घेता येते व नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता मिळविता येते. पायांनी चालविता न येणाऱ्यास ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालविण्याची सोय, हे त्याचे ठळक उदाहरण. जो मिस्त्री सायलेन्सर कापून देतो, त्याच्याच अंगी हे जोडकाम करण्याचेही कसब असते. मान्य संच, काटेकोर जोडणी आणि कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातील तपासणी यांची माहिती गावातील गरजू कुटुंबास ग्रामपंचायतीमार्फत मिळू शकते. अर्ज भरून देण्यास ग्रामपंचायत अधिकारी किंवा शिक्षक साहाय्य करू शकतात.