मरतूक लपवण्याची किंमत

२००९ च्या सुमारास चीनच्या कोळंबी-तळ्यांत एक नवी मरतूक दिसू लागली. बीज सोडून महिना उलटतो न उलटतो तोच तळं रिकामं व्हायचं. मेलेली कोळंबी उघडून पाहिली तर यकृत फिकट पडून आक्रसलेलं असायचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत हाच प्रकार व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंडमध्ये झाला. व्हिएतनाममध्ये आधी संशय कीटकनाशकांवर गेला. खरं कारण कळलं ते २०१३ मध्ये. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले डोनाल्ड लाइटनर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या किनारी पाण्यात एरवीही असणाऱ्या जिवाणूचा एक विषारी वाण यामागे आहे. तोवर रोग मेक्सिकोत पोचला होता आणि त्याच वर्षी थायलंडचं कोळंबी-उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आलं. या चार वर्षांचा दोष केवळ विज्ञानाच्या मर्यादांवर ढकलता येणार नाही. एकेका देशात लक्षणं दिसत होती, पण ती एकाच रोगाची आहेत हे सांगायला ती शेजारी ठेवून पाहावी लागतात. ऑगस्ट २०१२ मध्ये बँकॉकला तातडीची प्रादेशिक बैठक भरली, तेव्हा कुठे या रोगाची सर्वांना मान्य अशी व्याख्या ठरली. रोगाचं कारण त्या बैठकीमुळेच सापडलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. मात्र ती दोन वर्षं आधी भरली असती तर रोगट बीज आणि प्रजनक कोळंबी यांची ने-आण तरी आधी रोखता आली असती.

बँकॉकची ही बैठक बोलावण्यात पुढाकार होता ‘नाका’चा, म्हणजे आशिया-प्रशांत मत्स्यसंवर्धन केंद्रांच्या जाळ्याचा. भारत या आंतरसरकारी संस्थेचा सदस्य आहे. १९९८ पासून या भागातले देश दर तिमाहीला आपल्याकडचे मासे, कोळंबी आणि शिंपले यांच्या रोगांचा अहवाल देऊ लागले आणि २००० मध्ये जिवंत जलचरांच्या ने-आणीसाठी समान मार्गदर्शक तत्त्वं ठरली. यामागे कटू अनुभव होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि ऑस्ट्रेलियात दिसलेला माशांच्या अंगावर खोल जखमा करणारा बुरशीजन्य रोग पुढे दक्षिण-पूर्व आशियाभर पसरला आणि १९८८ मध्ये भारतात आला. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू चीनमधून आणलेल्या बीजाबरोबर १९९३ मध्ये जपानमध्ये शिरला आणि १९९४ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावरची कोळंबी-शेती त्याने झोपवली. रोग पाण्यातून पसरतो हे खरंच, पण लांबचा पल्ला तो बहुतेक वेळा माणसाने पाठवलेल्या खोक्यातून आणि विमानातून गाठतो. म्हणूनच तो कुठे आहे हे माल उचलण्याआधी कळायला हवं.

या विचारावरचा सर्वांत वजनदार आक्षेप व्यापाराचा आहे. रोग जाहीर केला की खरेदीदार देश दार लावून घेतात, मग प्रामाणिकपणाची शिक्षा आपणच का भोगावी? ही भीती खोटी नाही. पण जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत रोगमुक्त विभाग वेगळा दाखवण्याची सोय आहे. एका नदीकाठी रोग आला म्हणून सगळा देश बंद करावा लागत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या लोगन नदीकाठी पांढरे ठिपके आढळले. सरकारने ते तत्काळ जाहीर केलं, बाधित तळ्यांतली कोळंबी नष्ट केली, त्या भागातून कच्ची कोळंबी बाहेर नेण्यावर बंधनं घातली आणि शेतकऱ्यांना आर्थिक साहाय्य दिलं. रोग पुढे पुन्हा डोकावला, तरी निर्बंध ठरावीक भागापुरते ठेवता आले. रोग लपवला असता तर हा भाग आखताच आला नसता.

दुसरा आक्षेप असा, की गरीब शेतकऱ्याजवळ प्रयोगशाळा कुठून येणार? २००० च्या तत्त्वांत याचं उत्तर आहे. तिथे निदानाच्या तीन पातळ्या मानल्या आहेत आणि पहिली पातळी म्हणजे तळ्याकाठचं निरीक्षण : खाणं कमी झालं का, कोळंबी काठाला येते का, मरतूक कधी सुरू झाली. सूक्ष्मदर्शक आणि पीसीआर चाचणी त्यानंतर येतात. पहिली खबर देणारा शेतकरीच असतो, आणि भारताने हे मान्यही केलं आहे. २०१३ मध्ये जलचर रोगांचं राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झालं. त्याचं संयोजन लखनौच्या मत्स्य-संशोधन संस्थेकडे आहे आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था त्यात सहभागी आहे. २०२३ मध्ये शेतकऱ्याने मोबाइलवरून रोग कळवावा म्हणून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अ‍ॅपही आलं.

उणीव आहे ती वेगळ्याच जागी. खबर देणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. तळ्यात मरतूक दिसली की शेतकऱ्याच्या हाती एकच सोपा मार्ग उरतो : मिळेल त्या भावाने माल काढायचा आणि पाणी खाडीत सोडायचं. त्याने खबर दिली तर पाणी अडवून ठेवावं लागेल, कदाचित माल नष्ट करावा लागेल, आणि बँकेचा हप्ता तसाच राहील. त्याच खाडीचं पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या खाजणात जातं. कोकणात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळंबी करणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांच्याकडे येणारं बरंचसं बीजही आंध्र आणि तमिळनाडूतल्या हॅचरींमधून येतं, म्हणजे तिकडची लपवलेली मरतूक इकडे पोचू शकते. तिमाही अहवालांत सरकारं जे लिहितात त्याचा पाया या तळ्याकाठच्या माणसाच्या निर्णयावर उभा आहे. म्हणून केंद्राने आणि किनारी राज्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट करावी : वेळेत कळवून पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्याला नष्ट केलेल्या मालाची भरपाई द्यावी, आणि ती पुढचा हंगाम सुरू होण्याआधी द्यावी.