मामीच्या दारात योजना कधी येणार?

आईबाप गेलेलं लेकरू आमच्याकडं सहसा आश्रमात जात नाही. ते आजोळी जातं, नाहीतर चुलत्याकडं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपात सास्तूरची माळवदं कोसळली आणि मला मामानं नेलं. मामीनं आपल्या लेकरांतच वाढवलं. भूकंपग्रस्त मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं. ती कामं मोठीच. पण माझ्या मामीसारख्या बायांची नोंद कोणत्या वहीत झाली?

आता मी गावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवते. नातू-भाचरं सांभाळणारी माणसं माझ्याकडं येतात ती दाखल्यासाठी, रेशनसाठी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात, हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. 2023 पर्यंत ही रक्कम 1,100 होती, त्याआधी तर 425. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4,000 रुपये आहेत, पण त्याला ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72,000च्या आत लागतं.

पैसे थेट खात्यात येतात. मधल्या माणसाचा हात लागत नाही, हे तंत्रज्ञानाचे उपकारच म्हणायचे. अडतं ते खात्यापर्यंत पोचताना. आयुष्यभर खुरपं धरलेल्या आजीच्या बोटांवर रेघा उरलेल्या नसतात. यंत्रावर अंगठा चार वेळा ठेवला तरी लाल दिवा. “बाई, माझं बोट खोटं हाय का?” असं एकीनं विचारलं, तेव्हा मला काही बोलता आलं नाही. मुलाचं आधार पाच आणि पंधरा वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं की तिथंही गाडी अडते. आजीचा ओटीपी जातो मुंबईला गेलेल्या लेकाच्या नंबरवर.

पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आता मोबाइलनं चेहरा टिपून घरबसल्या निघतो. मग नातवंडं सांभाळणाऱ्या आजीची ओळख तिच्या अंगणात का पटवू नये? गृहभेटीला येणाऱ्या कार्यकर्तीच्या फोनमध्ये एवढी सोय हवी.

दुसरं काम नातलग शोधण्याचं. अमेरिकेत केविन कॅम्पबेल यांनी 1999 च्या सुमारास, युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधण्याच्या रेडक्रॉसच्या पद्धतीवरून धडा घेतला. आश्रयगृहातल्या मुलाचे आत्या, मामा, आजोबा इंटरनेटवरच्या नोंदींतून शोधायचे, कारण ते असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. आपल्या बाल न्याय कायद्यात तर नातलगांची व्याख्याच दिली आहे: काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. ऊसतोडीला बाहेर असलेला मामा फोनवर सापडतो. मात्र पोराचा फोटो आणि कहाणी व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवणं थांबलं पाहिजे. त्याची ओळख जाहीर करायला त्याच कायद्याच्या 74व्या कलमानं मनाई आहे, आणि ते पोर मोठं झाल्यावर तो फोटो बघणारच.

मला सगळ्यांत जास्त हवी आहे ती एक साधी जोडणी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत संगणकावर होते, वयासकट. तिशी-पस्तिशीतला बाप किंवा आई गेली, की त्या नोंदीवरून अंगणवाडी सेविकेच्या फोनवर निरोप जावा: या घरी लहान मुलं आहेत का, कोण सांभाळतंय, बघून या. पोषण ट्रॅकर तिच्या हातात 2021 पासून आहेच. त्यात आणखी एक खाना. मग दाखले गोळा करायला लेकरू कडेवर घेऊन लोहारा आणि तिथून धाराशिव अशी पायपीट आजीनं करायची नाही. सेविकेनं उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड तिथंच मागवायचं आणि अर्ज बालकल्याण समितीकडं लावून द्यायचा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर समितीच्या पडद्यावर ते प्रकरण लाल दिसावं.

ग्रामसभेत मी हे मांडलं आहे. पुढच्या सभेला ज्या घरांत नातवंडं-भाचरं वाढताहेत, त्या बायांनाही सोबत नेणार आहे.