पोट लहान झालं, आग्रह तेवढाच

वजन कमी करण्याचं ऑपरेशन पुण्यात होतं, पण त्यानंतरचं जेवण शिजतं भोरला, नसरापूरला, वेल्ह्यात, नाहीतर गुंजवणीकाठच्या एखाद्या वाडीत. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच आहे.) सर्जन तासा-दोन तासांत आपलं काम उरकतो, पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि मग सगळा कारभार आई, सासूबाई, शेजारच्या काकू यांच्या हाती जातो. सगळ्यांची माया खरी असते. पण या ऑपरेशननंतरचे बरेचसे घोळ या मायेपोटीच होतात, कारण आजाऱ्याला काय द्यायचं याची आपली पिढीजात समज इथे नेमकी उलटी पडते.

‘चरबी काढून टाकली, आता काय चिंता!’

चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, ते वेगळं. वजनाच्या ऑपरेशनमध्ये चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून, बदल केला जातो तो जठरात. स्लीव्ह प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. तिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक कप. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. मधला टप्पा अन्नाला लागतच नाही, आणि लोह नि कॅल्शियम जास्त करून त्याच टप्प्यात शोषलं जातं. पुढे जन्मभर गोळ्या का घ्याव्या लागतात, त्याचं एक मोठं कारण हे.

नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली. ‘ऑपरेशन केलं की माणूस बारीक होतो’ एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. पुढच्या पथ्याची बातमी कोण छापणार?

‘आजारी माणसाला पेज पाजा’

सगळ्यात मोठी गडबड इथे होते. भोर-वेल्हे म्हणजे भाताचा मुलूख. इंद्रायणी आणि आंबेमोहोर घरचाच असतो, तेव्हा ताप आला, बाळंतीण झाली, टाके पडले की पहिली आठवण पेजेची. पेज वाईट नाही, पण ती जवळजवळ सगळी पिठूळ असते. चहाच्या कपाएवढ्या पोटात वाटीभर पेज गेली की जागा भरते आणि प्रथिनं हाती लागत नाहीत. या पेशंटला रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर वजन उतरतं खरं, पण त्यात स्नायूही झडतात. पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात आणि घरचे म्हणतात, ‘बघा, ऑपरेशन मानवलं नाही.’

हिशेब मांडून बघा. एका अंड्यात सहा ग्रॅम. २०० मिलिलिटर दुधात सहा-सात. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा. १०० ग्रॅम पनीर किंवा मासे घेतले तर अठरा-वीस. म्हणजे दोन अंडी, दोनदा दूध, दोन वाट्या वरण आणि १०० ग्रॅम मासे असं दिवसभरात खाल्लं तर बेरीज कशीबशी साठच्या आसपास जाते. पहिल्या महिन्यात एवढं पोटात मावतच नाही, म्हणून सर्जन प्रथिनांची पावडर लिहून देतात. ‘ती जिमवाल्यांची, किडनी खराब करते’ म्हणून तो डबा कपाटात पडून राहतो. खरं तर त्यातल्या बहुतेक पावडरी दूध फाडून पनीर केल्यावर उरते तसल्या निवळीपासूनच करतात. किडनीचा जुना आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

खाण्याची चढण ठरलेली असते. पहिले एक-दोन दिवस निवळ पाणीदार पदार्थ, मग दोनेक आठवडे दूध, ताक, गाळलेलं वरण, हुलग्याचं कढण असं पातळ. त्यानंतर दोन आठवडे वाटून-घोटून, पुढे मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरचं नेहमीचं जेवण. प्रत्येक सर्जनच्या तक्त्यात चार दिवस इकडे-तिकडे असतात, आपल्याला दिलेला तक्ता तोच खरा. शेजारणीच्या बहिणीने तिसऱ्या आठवड्यात भाकरी खाल्ली होती, ही माहिती ऐकायची आणि सोडून द्यायची.

नेहमीचं जेवण सुरू झालं तरी ताटातला क्रम बदललेला असतो. आपल्याकडे भात किंवा भाकरी हे जेवण आणि बाकी सगळं कालवण. इथे आधी अंडं, मासा, पनीर किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. इंद्रायणीचा भात आसट आणि चिकट. नीट चावला नाही तर त्याचा गोळा तसाच उतरतो, छातीच्या मध्यभागी अडकल्यासारखं होतं आणि तोंडाला फेसाळ लाळ सुटते. गरम चपाती आणि पावही असाच त्रास देतात. तीच नाचणीची भाकरी वरणात नाहीतर ताकात कुस्करून दिली तर पुष्कळांना सोसते. मटणाचा तुकडा सुरुवातीला नकोच. खिमा चालतो, आणि भाटघरच्या पाण्यातला मासा काटे काढून दिला तर त्याहून बरा. घरात माळकरी असतील तर हुलगा, मूग, दही, पनीर, सोयाबीन यांच्यावर भागवता येतं, मात्र बी-१२ कडे दुप्पट लक्ष हवं.

चहाचा चमचा घ्यायचा, छोटी वाटी घ्यायची, घास वीस-पंचवीस वेळा चावायचा आणि वीस मिनिटं, अर्धा तास जेवायचं. लग्नाच्या पंगतीत हे अवघड जातं. वाढपी ‘अजून अर्धी तरी’ म्हणत समोर उभाच राहतो. अशा वेळी ‘डॉक्टरांनी बजावलंय’ एवढं म्हणावं, आपल्याकडे ते कारण चालतं.

‘घास अडकला? पाणी पी!’

जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. एवढ्याशा जागेत पाणी शिरलं तर अन्न राहत नाही, उलटी तरी होते नाहीतर घास लवकर पुढे ढकलला जाऊन परत भूक लागते. उरलेल्या वेळात मात्र घोट घोट करत दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायलाच हवं. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिण्याचे दिवस संपले. शेतावर जाताना बाटली सोबत ठेवायची. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. लघवी गडद पिवळी झाली की समजावं.

‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घ्या’

हा भाग जरा सावकाश वाचावा. ‘पोट लहान केलंय, उलट्या होणारच’ हे खोटं आहे. घाईने खाल्लं म्हणून एखादी उलटी होणं वेगळं आणि दोन-तीन दिवस काहीच न टिकणं वेगळं. शरीरात थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या झाल्या तर तो संपतो आणि थेट मेंदूवर परिणाम होतो. एकाचे दोन दिसायला लागतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. अशा अवस्थेत थायामिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलासुरला साठाही झपाट्याने खर्च होतो आणि इजा कायमची होऊ शकते.

गावातल्या डॉक्टरांना तुमच्या पोटात काय बदल झालाय हे तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार? म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो पेशंटच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलावं की अमुक ऑपरेशन झालंय, उलट्या इतक्या दिवसांच्या आहेत, थायामिन आधी द्यावं लागेल का ते बघा. आणि पहिल्या महिन्यात ताप, नाडी सारखी शंभरच्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, पोटरी सुजून दुखणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची एसटी येईपर्यंत थांबायचं नाही. आतला टाका गळत असेल किंवा रक्ताची गाठ झाली असेल, तर तासांचा प्रश्न असतो. सर्जनला फोन आणि सरळ पुणे.

‘शक्तीसाठी डिंकाचे लाडू, साखरेऐवजी गूळ’

बायपास झालेल्याला गोड लगेच आतड्यात उतरतं. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब, आणि आडवं पडावंसं वाटतं. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून चक्करही येते. स्लीव्हमध्ये हे कमी, पण होतं. गूळ, काकवी, उसाचा रस, सगळी साखरच. ‘नैसर्गिक आहे’ हे आतड्याला कळत नाही. लाडवात तर गूळ आणि तूप दोन्ही, म्हणजे एवढ्याशा जागेत नुसत्या कॅलरी.

‘केस गळतायत, त्या गोळ्यांचीच उष्णता’

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरलं की बाळंतपणानंतर गळतात तसेच इथेही गळतात, आणि प्रथिनं, लोह नीट असेल तर परत येतात. गोळ्या बंद केल्या तर उलट जास्त जातील. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी आणि बी-१२ हे जन्माचे सोबती आहेत. ‘आमची नाचणी असताना कॅल्शियमची गोळी कशाला?’ असं वेल्ह्याकडे हमखास ऐकू येईल, आणि नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हेही खरं. पण गरज १२०० ते १५०० मिलिग्रॅमची, खाणं चतकोर भाकरीचं, आणि नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागतही नाही. लोहाची नि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको.

‘कंबर धरलीय, मेडिकलमधून एक गोळी आण’

भातलावणीत दिवसभर वाकून कंबर धरणारच. (ऑपरेशननंतर जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद, चालणं मात्र पहिल्याच दिवसापासून.) पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. सिगारेट-बिडीनेही तोच धोका वाढतो. तंबाखूचं म्हणाल तर आमच्याकडे पुरुषांना विचारतात आणि बायकांची मिश्री मोजायची राहून जाते. ‘दात घासते फक्त’ असं उत्तर येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, डॉक्टरांना ती सांगायलाच हवी. दारू आता लवकर चढते आणि जास्त चढते.

‘एवढंसंच खाते, मग एकादशीला काय फरक पडतो?’

पडतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यातून निर्जळी केली तर पाण्याचाही खड्डा. पहिले काही महिने उपवास नकोच. पुढे करायचाच असेल तर भगर कमी, दही, ताक, दाण्याची आमटी जास्त आणि पाणी चालू. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर आधी विचारून. साखर नॉर्मल आली म्हणून त्या गोळ्या आपल्या मनाने उकिरड्यावर टाकणारेही भेटतात. मधुमेह पुष्कळांचा मागे हटतो, काहींचा काही वर्षांनी परत येतो, तपासणी सुटत नाही.

नव्या सुनेचं ऑपरेशन झालं असेल तर आणखी एक गोष्ट सासरी कळायला हवी. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते, पण मूल बारा ते अठरा महिने थांबवावं. बायपासनंतर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांची खात्री कमी असते, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

‘परत चार किलो वाढले, पैसे पाण्यात गेले’

वजन साधारण एक ते दोन वर्षांत सगळ्यात खाली येतं आणि मग थोडं वर सरकतं. ऑपरेशन फसल्याची ही खूण नव्हे. जठर फुगून पूर्वीसारखं झालं, असंही सहसा नसतं. भूक परतलेली असते आणि दर दोन तासांनी चहा-बिस्किट, मूठभर फरसाण सुरू झालेलं असतं. पातळ नि कुरकुरीत पदार्थ त्या नळीतून विनासायास उतरतात, अडकते ती भाकरी.

रक्ताच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी करायच्या असतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम. रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट मोबाइलवर सर्जनला पाठवला तरी बहुतेक वेळा भागतं. दुसऱ्या वर्षानंतर मंडळी हे सोडतात, कारण तब्येत छान वाटत असते. ती छान वाटण्याचं एक कारण म्हणजे यकृतातला बी-१२ चा जुना साठा काही वर्षं पुरतो. तो संपला की तळपायाला मुंग्या येऊ लागतात, आणि तोवर ऑपरेशन इतकं मागे पडलेलं असतं की या दोन गोष्टींची सांगड घालायचं कुणाला सुचत नाही.