वार्धक्याचे घड्याळ, कर्करोगाचा लगाम : टेलोमेअरची दुहेरी भूमिका

शरीराचे वार्धक्य रोखता आले तर कर्करोगासारखे उतारवयातील आजारही आपोआप दूर राहतील, असा सर्वसाधारण समज आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रेणवीय जीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या संशोधनातून उलगडत गेलेले चित्र मात्र वेगळे आहे. पेशीला म्हातारपणाकडे नेणारी एक यंत्रणाच तिला बऱ्याच अंशी कर्करोगापासून रोखून धरते. या संशोधनासाठी ब्लॅकबर्न यांना कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांच्यासह २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तारुण्य टिकवणाऱ्या गोळ्या आणि ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्या आज याच शोधाचा हवाला देऊन विकल्या जातात. म्हणूनच मूळ शोध काय सांगतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पेशींचा हिशेब

पोषक द्रव्य मिळत राहिले तर प्रयोगशाळेतील पेशी अमर्याद काळ विभागत राहतात, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले जाई. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा समज खोडून काढला. सामान्य मानवी पेशी साधारणतः ५० वेळा विभागल्या की थांबतात, असे त्यांना आढळले. या पेशी लगेच मरत नाहीत. परंतु त्यांचे विभाजन कायमचे बंद होते. पेशी हा हिशेब नेमका ठेवते कुठे, हे कोडे पुढे काही वर्षे कायम राहिले.

उत्तर गुणसूत्रांच्या टोकांशी दडलेले होते. विभाजनापूर्वी पेशी आपल्या डीएनएची प्रत काढते. परंतु प्रत काढणाऱ्या यंत्रणेला धाग्याच्या अगदी शेवटच्या तुकड्याची नक्कल पूर्ण करता येत नाही. जमीन सारवणारी व्यक्ती जिथे बसलेली असते, तेवढी जागा तिला सारवता येत नाही, तसाच हा प्रकार. परिणामी प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्राचे टोक थोडे झिजते. अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये आणि जेम्स वॉटसन यांनी १९७२ मध्ये या अडचणीकडे स्वतंत्रपणे लक्ष वेधले.

ही झीज थेट जनुकांपर्यंत पोहोचत नाही, कारण गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना संरक्षक पट्टे असतात. दोरखंड उसवू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळी गुंडाळतात, तसे त्यांचे काम असते. हर्मन मुलर यांनी १९३८ मध्ये त्यांना ‘टेलोमेअर’ हे नाव दिले. पण ते कशाचे बनलेले असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तळ्यातील जीवाने दिलेला धागा

ब्लॅकबर्न यांनी त्यासाठी टेट्राहायमेना हा गोड्या पाण्यातील एकपेशीय जीव निवडला. त्याच्या पेशीत हजारो छोटी गुणसूत्रे असल्याने अभ्यासायला टोकेही मुबलक मिळतात. येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांना या टोकांवर सहा अक्षरांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा आलेला दिसला. हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शोस्टाक यांच्या सहकार्याने ही टोके यीस्टमध्ये घातलेल्या डीएनएला जोडली असता तो डीएनए सुरक्षित राहिला. उत्क्रांतीत एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन जीवांत संरक्षणाची रीत एकच असल्याचे १९८२ मध्ये त्यातून सिद्ध झाले.

झिजलेली टोके पुन्हा भरून काढणारे एखादे विकर असले पाहिजे, असा ब्लॅकबर्न यांचा कयास होता. बर्कली येथील त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी असलेल्या ग्रायडर यांना १९८४ च्या नाताळच्या दिवशी त्याचा पहिला पुरावा दिसला. ‘टेलोमरेज’ असे नामकरण झालेले हे विकर टोकाला लागणाऱ्या अक्षरांचा नमुना स्वतःजवळ बाळगते आणि त्याबरहुकूम टेलोमेअर लांबवते.

लगाम सुटतो तेव्हा

मानवी शरीरात जननपेशी, गर्भपेशी आणि काही मूलपेशींत हे विकर कार्यरत असते. इतर बहुतेक प्रौढ पेशींत ते जवळपास बंद असते. टेलोमेअर फार आखूड झाले की पेशी तो धोक्याचा इशारा मानून विभाजन थांबवते. अशा थांबलेल्या पेशी वाढत गेल्या की ऊतींची दुरुस्ती मंदावते आणि दाह वाढतो. वार्धक्याची ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, जनुकीय बिघाड झालेली एखादी पेशी बेसुमार वाढू लागली, तरी काही विभाजनांनंतर याच मर्यादेवर अडखळते.

ही मर्यादाही ओलांडणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांची उघडी पडलेली टोके एकमेकांना चिकटतात आणि जनुकीय गोंधळ माजतो. त्यात बहुतेक पेशी मरतात. पण क्वचित एखादी टेलोमरेज पुन्हा सुरू करते आणि अमर्याद विभागू लागते. सुमारे ८५ ते ९० टक्के मानवी कर्करोगांत हे विकर सक्रिय आढळते. उरलेल्यांपैकी अनेक कर्करोग टोके राखण्याचा दुसरा मार्ग शोधतात.

त्यामुळे ‘टेलोमेअर जितके लांब तितके चांगले’ हे समीकरण टिकत नाही. जन्मतः टेलोमरेज अपुरे असलेल्या व्यक्तींत अस्थिमज्जा निकामी होणे, फुप्फुसे कठीण होणे असे गंभीर विकार उद्भवतात. उलट, आनुवंशिकतेने अधिक लांब टेलोमेअर लाभलेल्यांना हृदयविकाराचा धोका काहीसा कमी, पण काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका अधिक असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. शिवाय वार्धक्याचे हे एकमेव कारणही नव्हे. प्रयोगशाळेतील उंदरांचे टेलोमेअर माणसापेक्षा कितीतरी लांब असूनही त्यांचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे असते.

उपचारांची वाट

टेलोमरेज रोखून कर्करोगाला आवर घालण्याचे प्रयत्न अनेक वर्षे सुरू आहेत. त्यांतील ‘इमेटेलस्टॅट’ या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारात वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या काही प्रौढ रुग्णांसाठी ते आहे. मात्र त्याने पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिकांची संख्या घटू शकते, म्हणून रक्तावर सतत लक्ष ठेवावे लागते.

औषध म्हणून टेलोमरेज रोखताना इतकी खबरदारी घ्यावी लागत असेल, तर ते वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांबाबत अधिकच सावध राहायला हवे. निरोगी माणसाचे वार्धक्य अशा गोळ्यांनी लांबते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. टेलोमेअरच्या एका मोजणीवरून व्यक्तीचे उरलेले आयुष्यही सांगता येत नाही. कर्करोग टाळण्यासाठी तंबाखूपासून दूर राहणे आणि वेळेवर तपासणी करून घेणे, हेच आजही अधिक भरवशाचे उपाय आहेत.