आरोपानंतरचं गाव

आसामच्या बोडो भागात ‘डाइनी’ (चेटकीण) ठरवून माणसं मारण्याच्या प्रथेविरुद्ध दोन दशकांहून अधिक काळ चिकाटीनं काम झालं. त्यात विद्यार्थी संघटनांचा मोठा वाटा आहे आणि मराठीत त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही.

सुरुवात 2001 च्या सुमारास धरावी लागेल. कोक्राझार भागात डाइनीच्या संशयावरून पाच जणांचा जीव गेला होता. अशा खुनात आरोपी पकडले तरी गाव साक्षीला उभं राहत नाही. तेव्हाचे पोलीस उपमहानिरीक्षक कुलधर सैकिया यांनी ‘प्रोजेक्ट प्रहरी’ हाती घेतला आणि गावातली जाणती मंडळी, बायकांचे गट, विद्यार्थी कार्यकर्ते यांना सोबत घेतलं.

विद्यार्थी संघटना म्हटलं की आपल्याला कॉलेजच्या निवडणुका आठवतात. आसामात तसं नाही. 1967 साली स्थापन झालेल्या ऑल बोडो स्टुडंट्स युनियनची मुळं गावोगाव आहेत. वेगळ्या राज्याचं आंदोलन तिनं चालवलं, 2020 च्या बोडो करारावर तिच्या सह्या आहेत. तिचा कार्यकर्ता गावातलाच कुणाचा तरी मुलगा, भाचा, पुतण्या असतो. तापानं पोर दगावलं, ओझानं, म्हणजे देवऋष्यानं, एखाद्या विधवेकडे बोट दाखवलं, की ती कुजबुज पोलीस ठाण्याच्या आधी त्याच्या कानावर येते. हा ताप बहुधा मलेरियाचा असतो आणि दवाखाना लांब असतो. बोट दाखवलेल्या बाईच्या नावावर अनेकदा थोडी जमीनही असते. हे सगळं गावच्याच भाषेत, गावच्याच मुलानं सांगितलं तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता वाढते.

जीव वाचला तरी त्या बाईला राहायचं त्याच गावात असतं. लावणीला कुणी येत नाही, पाणवठ्यावर बायका बाजूला सरकतात, तिच्या हातचं कुणी खात नाही. ‘प्रहरी’नं रस्ता, पाणी, शाळा यांच्या जोडीला हातमागावर भर दिला, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. बोडो बाई घरच्या मागावर स्वतःची दोखोना, म्हणजे अंगाभोवती नेसायचं वस्त्र, विणते. सूत एकत्र आणायचं, विणलेलं एकत्र विकायचं, तर बायकांना शेजारी बसावंच लागतं. बहिष्काराला खरं उत्तर मिळतं ते तिथे.

गोलपाडा जिल्ह्यातल्या बिरुबाला राभा यांनी देवऋष्यांचा खोटेपणा आधीच ओळखला होता. मुलगा तीन दिवसांत मरणार, असं देवऋष्यानं सांगितलं होतं, तो जगला. त्यानंतर त्यांनी डाइनी ठरवलेल्या चाळीसहून अधिक बायकांना वाचवलं. शाळा-कॉलेजांतून मुलांशी बोलत त्या अखेरपर्यंत फिरल्या. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 13 मे 2024 रोजी त्या गेल्या.

राज्य सरकारच्या आकडेवारीप्रमाणे 2001 ते 2017 या काळात आसामात 114 स्त्रिया आणि 79 पुरुष या प्रथेत मारले गेले. जुलै 2015 मध्ये शोणितपूर जिल्ह्यात एका वृद्धेचा शिरच्छेद झाला, ऑगस्टमध्ये विधानसभेनं या प्रथेविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती यायला 2018 उजाडलं. हा उशीर अक्षम्य होता. विद्यार्थी संघटनांचीही मर्यादा या काळात दिसली. वेगळ्या राज्याची मागणी, बोडो भागातला 2012 चा हिंसाचार, मग करार. राजकारण तापलं की गावातलं हे संथ काम मागे पडणारच.

आपल्या सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडे अशा बाईला ‘डाकीण’ म्हणतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं तिथे मोहीम चालवली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात करणीच्या नावाखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, रोजचे व्यवहार बंद पाडणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण डाकीण ठरवलेल्या बाईच्या शेतात दुसऱ्या दिवशी मजूर जाईल का, हे कायदा ठरवू शकत नाही. तिथल्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दरवर्षी गावात भरतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे: पथनाट्य जरूर करा, पण शिबिरातला एक दिवस, तिची संमती घेऊन, त्या बाईच्या शेतात कामाला मुलं न्या आणि दुपारची भाकरी तिच्याच ओट्यावर, गावाच्या डोळ्यांदेखत, तिच्या हातची खा.